गर्भिणीच्या ताटांतील मांस

गर्भिणीनें कोणतें मांस खावें, हा प्रश्न आमच्याकडे फार जुना आहे. सुश्रुताच्या शारीरस्थानांत डोहाळ्यांचें जें विवेचन आहे, त्यांत महिषाच्या मांसाची इच्छा झाली असतां मूल शूर, लाल डोळ्यांचें व केसाळ निपजतें, वराहाच्या मांसाची झाली असतां झोपाळू पण शूर होतें, अशी यादीच दिली आहे. नित्य मासे खाणाऱ्या स्त्रीच्या मुलाची पापणी उशिरां लवते, असें चरक म्हणतो. या विधानांना हसणें सोपें आहे. परंतु मातेचा घास मुलाच्या डोळ्यांपर्यंत पोहोंचतो, ही कल्पना मुळांतच खोटी नव्हती. (प्राचीनांना जंतु ठाऊक होते, असा दावा मात्र यावरून कोणी करूं नये.) त्यांनीं प्राणी कोणता एवढेंच पाहिलें, मांस किती शिजलें, हा प्रश्न त्या यादींत नाहीं.

तो प्रश्न ज्याच्यामुळें उभा राहिला, तो टॉक्सोप्लाझ्मा नांवाचा परोपजीवी जंतु 1908 मध्यें ट्यूनिस येथें निकोल व मान्सो यांना गुंडी नांवाच्या लहानशा प्राण्याच्या शरीरांत आढळला. 1939 मध्यें न्यूयॉर्कच्या वूल्फ, कॉवेन व पेज यांनीं हा जंतु मुलाला गर्भांतच बाधतो, हें दाखवून दिलें. आईला बहुधा कांहींच जाणवत नाहीं. मुलाच्या डोळ्यांना व मेंदूला मात्र इजा होते. पण आईच्या शरीरांत तो शिरतो कोठून, हें कोडें पुढें पंचवीस वर्षें सुटलें नाहीं.

पॅरिस येथील डेमाँ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 1965 मध्यें तें सोडविलें. अर्धकच्च्या मांसाची आवड फ्रेंच लोकांत प्रसिद्धच आहे. तेथील एका सॅनिटोरियममधील मुलांना ही बाधा वर्षाकाठीं शेंकडा 10 या प्रमाणांत होत असे. रोजच्या आहारांत गाईचें किंवा घोड्याचें जेमतेम शिजलेलें मांस दोन वेळां येऊं लागतांच तें प्रमाण 50 झालें. त्यांत कोकराच्या तशाच अर्धकच्च्या बरगड्यांची भर पडली, तेव्हां 100 वर गेलें. पुरावा याहून स्वच्छ असूं शकत नाहीं, आणि तरीही तो वाचतांना आमचें मन प्रसन्न होत नाहीं. निरोगी मुलाला हा रोग सहसा सौम्यच जातो, हें खरें. पण हीं मुलें उपचारासाठीं आलेलीं होतीं. जगभरच्या गर्भिणींना जो सल्ला आज फुकट मिळतो, त्याची किंमत त्यांच्या ताटांतून दिली गेली आहे. फ्रान्सनें 1978 मध्यें गर्भिणींच्या रक्ततपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रमच सुरू केला.

मांस न खाणारीही यांतून सर्वस्वी सुटत नाहीं. मांजराच्या विष्ठेवाटे हा जंतु मातींत जातो, हें 1970 च्या सुमारास ठरलें. तेव्हां न धुतलेली भाजीही निर्दोष नव्हे.

मांस आंतपर्यंत 67 अंश सेल्सिअसपर्यंत तापलें कीं त्यांतील हे जंतु मरतात. हाडापासून सुटेपर्यंत रश्श्यांत रटरटणाऱ्या आमच्या मटणाला त्याची भीति नाहीं. भीति आहे ती कच्च्या खिम्याचें मीठ जिभेवर पाहण्याच्या संवयीची, आणि मटण कापलेल्या विळीवर तशीच कोथिंबीर चिरण्याची.