तुरुंगातली पाटी आणि तुरुंगातला झाडू



तुरुंगातल्या शिक्षणाचा विषय निघाला की आपल्याला धुळं सांगितलं जातं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून दर रविवारी गीता सांगितली. साने गुरुजींनी ती उतरून घेतली. पुढच्या वर्षी गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. खरं आहे, मोठंही आहे.

पण तुरुंगाचा दुसरा इतिहास कोण सांगणार? इंग्रजांनी १८९४ साली तुरुंग कायदा केला. पुढं देशातल्या कित्येक नियमावल्यांत कामं जातीवर वाटलेली. सैपाक उच्च जातीच्या कैद्यानं करायचा, संडास मेहतरानं काढायचा. म्हणजे एकाच भिंतीआड एकाच्या हातात पुस्तक आणि दुसऱ्याच्या हातात झाडू! इंग्रज गेले, हे नियम ऱ्हायले. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केले आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितलं, ते ३ ऑक्टोबर २०२४ ला. तवर घटनेला ७४ वर्षं झाली होती.

आज नाशिकरोड, नागपूरच्या तुरुंगांत मुक्त विद्यापीठाची केंद्रं आहेत. कैदी पदवीधर होतात. चांगलंच आहे. पण पदवीला तीन वर्षं लागतात, म्हणून ती मुख्यतः पक्क्या कैद्याच्या कामाची. देशातल्या चार कैद्यांत तीन कच्चे. त्यांना पुढची तारीखच ठाऊक नसते. त्यांना काय शिकवायचं?

मी म्हणतो, अपूर्णांक शिकवा.

मी वाळूजला कामगारांच्या पोरांना रात्री गणित शिकवतो. 'एक-तृतीयांश कशाला लागतो, सर?' असं पोरं विचारतात. हे घ्या उत्तर. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ सांगतं : आधी कधीच दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्यानं त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ आत काढला, की त्याला बंधपत्रावर सोडायचं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त खटले तेवढे वगळून. अर्ज तुरुंगाच्या अधीक्षकानं करायचा. पण तो विसरला तर? ज्याला दिवस मोजता येत नाहीत, दोषारोपपत्र वाचता येत नाही, तो आत कुजतो.

शहराच्या पलीकडच्या अंगाला हर्सूलचा तुरुंग आहे. रीतसर परवानगी काढा, खडू-पाटी घ्या, आत जा. बाबासाहेबांचं 'शिका' भिंतीशी थांबत नाही.