वाऱ्याचा खिळा

घाटकोपरला एका चाळीच्या तळमजल्यावर छोटा छापखाना होता. माझा पहिला कवितासंग्रह तिथे १९९३ साली जुळवला गेला. जुळारी काका साठीचे. डाव्या हातात स्टिक, नजर हस्तलिखितावर, आणि उजवा हात न बघता खिळ्यांच्या खणांतून फिरणारा. काना, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरं मिळून मराठीचे खण शेकड्यांनी असत. एका संध्याकाळी ते म्हणाले, “कवी, तुमच्याकडे वारा फार सुटलाय. ‘ऱ्या’चे खिळे संपले. दोन ओळी बदला.” मी मुकाट्यानं बदलल्या. इतकं रोखठोक संपादन माझ्या कवितेचं पुढे कुणी केलं नाही.

खरं तर अंधेरीत सीप्झ १९७३ मध्येच उभं राहिलं होतं. पण तिथला माल परदेशी जाणारा. गल्लीतल्या छापखान्यात संगणक शिरला तो नव्वदच्या दशकात, डीटीपीच्या रूपानं. आमच्या मालकांनी शिसं भंगारात वजनावर विकलं. काका आठवडाभर कळफलकासमोर बसले, मग यायचे थांबले.

उर्दूची गोष्ट निराळी. नस्तालिक वळण खिळ्यांत नीट बसेना, म्हणून कातिब अख्खं वर्तमानपत्र हातानं लिहीत. १९९४ च्या सुमारास ‘इनपेज’ आलं आणि उर्दू छपाईनं बोरूवरून थेट संगणकावर उडी घेतली. कातिबांचं काय झालं, ते आमच्या काकांवरून ओळखावं.

मराठीत मात्र नवाच घोळ झाला. प्रत्येक कंपनीचा फाँट वेगळा, अक्षरांच्या जागा वेगळ्या. एका छापखान्यातला मजकूर दुसरीकडे उघडला की नुसती खिचडी. एकदा फाँट घेतला की धंदा त्याच खुंट्याला बांधलेला! भारतीय मानक ब्यूरोनं १९९१ मध्ये ‘इस्की’ हे प्रमाण ठरवलं होतं. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. पण गल्लीपर्यंत ते पोचायला फार वर्षं गेली.

विंडोज २००० बरोबर आलेला युनिकोडचा ‘मंगल’ हा फाँट र. कृ. जोशी यांनी घडवला. पवईच्या आयआयटीत शिकवलेले, नंतर जुहूच्या एनसीएसटीत काम केलेले सुलेखनकार, आणि स्वतः कवी. अक्षराला कवीचा हात लागला याचा मला, अर्थातच, जास्त आनंद. तरी छापखान्यांनी जुने फाँट चटकन सोडले नाहीत. पानं लावण्याच्या त्यांच्या सॉफ्टवेअरला युनिकोडची मराठी बरीच वर्षं नीट पेलत नव्हती. आजही काही ठिकाणी मजकूर इकडून तिकडे ‘कन्व्हर्ट’ करत बसावं लागतं.

गेल्या वर्षी संग्रहाची नवी आवृत्ती घरीच टंकायला घेतली. ‘ऱ्या’ आता हवे तितके. म्हटलं, त्या दोन ओळी मूळ रूपात ठेवू. हस्तलिखित छापखान्यातच राहिलेलं. रात्रभर बसलो, पण मूळ शब्द काही आठवले नाहीत.