अजिंठ्याच्या चित्रातला डोंगर कुठल्या खडकाचा?

अजिंठ्याच्या लेणे क्र. १ मधला पद्मपाणी बोधिसत्त्व सगळ्यांना माहीत असतो. त्याच्या मागचा डोंगर मात्र फारसा कुणी बघत नाही. तिथे माकडं आहेत, मोर आहेत, वाद्य वाजवणारे किन्नर आहेत, आणि हे सगळे ज्यावर बसलेत ते खडक म्हणजे एकावर एक रचलेले कोनदार ठोकळे. चित्र साधारण पाचव्या शतकातलं.

भूशास्त्र शिकलेल्या माणसाला इथे लगेच मोह होतो. अजिंठ्याचा कडा बेसॉल्टचा. लाव्हा थंड होताना आकसतो, भेगा पडतात, खडक ठोकळ्या-खांबांत तुटतो. मग चित्रकाराने समोरचा वाघूर नदीचा कडाच रंगवला, असं लिहून टाकायचं का?

थांबा. सांचीच्या तोरणांवरही डोंगर असेच रचलेल्या खडकांचे कोरलेत. ती टेकडी वालुकाश्माची, आणि ते काम अजिंठ्याच्या कितीतरी शतकं आधीचं. तिकडे मध्य आशियात किझिलच्या गुहांमध्ये तर डोंगराच्या अक्षरशः शंकरपाळ्या होतात! खडक बदलला तरी डोंगर तुकड्यातुकड्यांचाच. म्हणजे हा ठोकळा ‘इथे डोंगर आहे’ एवढंच सांगणारी खूण असावी. निदान त्यावरून खडकाची जात ठरवता येत नाही.

आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांत हीच गोष्ट शब्दांत सापडते. लेणे क्र. ३ मध्ये गौतमी बलश्रीचा लेख आहे, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षातला. त्यात त्रिरश्मी डोंगराचं शिखर कैलासाच्या शिखरासारखं म्हटलंय. ते वाचून कुणी त्रिरश्मीची उंची मोजायला जात नाही. चित्रापुढे मात्र आपण नेमकं तेच करतो, कारण चित्र ‘दिसतं’.

मग विज्ञानवाल्याने इथे काय करायचं? आकार सोडा, रंग धरा. अजिंठ्याच्या हिरव्यात हिरवी माती सापडली आहे, म्हणजे सेलाडोनाइटसारखी खनिजं. ती बेसॉल्टच्या पोकळ्यांत तयार होतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात गेलात तर झिओलाइटच्या स्फटिकांखाली तो हिरवा थर शोधा. निळा रंग लाजवर्दाचा, आणि त्याच्या जुन्या प्रसिद्ध खाणी अफगाणिस्तानातल्या बदख्शानमध्ये. खडकाचा आकार परंपरेतून आला, पण त्याच भिंतीवरचा हिरवा दख्खनच्या दगडातून मिळण्याजोगा आहे आणि निळा व्यापाऱ्यांच्या वाटेने आलेला. संशोधन आराखड्यात हे तिन्ही पुरावे एकाच परिच्छेदात कोंबू नका. प्रत्येकाची पद्धत वेगळी, मार्गदर्शक पहिला प्रश्न तिथेच विचारतात.