सॉक्रेटिसने दोनदा पाहिलेला खेळ

आज आपण ज्या कलेचा इतिहास बघणार आहोत, तिला मराठीत सर्वांच्या तोंडी असलेलं एक नाव नाही. इंग्रजीत तिला कंटॉर्शन म्हणतात. आपण नुसतं म्हणतो, 'हिच्या अंगात हाडंच नाहीत जणू!' मागे वाकून कमान करायची, डोकं स्वतःच्याच पायांमधून बाहेर काढायचं. सर्कशीत हे आपण पाहिलेलं आहे.

कला फार जुनी. तूरिनच्या संग्रहालयात इजिप्तमधला चुनखडीचा एक छोटा तुकडा आहे, सुमारे ३,२०० वर्षांपूर्वीचा. त्यावर एक नर्तकी मागे वाकून हात जमिनीला टेकते आहे. मेक्सिकोत त्लातिल्कोला सापडलेली मातीची एक प्राचीन मूर्तीही अशीच, पोटावर टेकून तळपाय डोक्यावर आणलेली. पण या चित्रांवरून खेळ कळतो, बघणाऱ्यांच्या मनात काय आलं ते कळत नाही. ते कळण्यासाठी ग्रीसमध्ये जावं लागतं.

आम्ही तत्त्वज्ञानवाले प्लेटोचं 'सिंपोझियम' वर्षानुवर्षं शिकवतो. त्यात चर्चा सुरू होण्याआधी बासरीवाल्या मुलीला बाहेर पाठवून दिलं जातं. त्याच नावाचं झेनोफनचं पुस्तक मात्र आम्ही बहुधा बाजूला ठेवतो. गंमत बघा, तिथे खेळ करणारी मुलं शेवटपर्यंत आत राहतात.

प्रसंग असा. इ.स.पू. ४२२ च्या सुमारास कॅलियस नावाच्या श्रीमंत गृहस्थाकडे मेजवानी आहे. जेवणं झाल्यावर सिराक्यूजचा एक माणूस येतो. त्याच्याबरोबर बासरी वाजवणारी मुलगी, कसरती करणारी नर्तकी आणि एक देखणा मुलगा. नर्तकी नाचता नाचता बारा कड्या हवेत झेलते. मग तलवारी उभ्या लावलेलं एक कडं आणलं जातं, आणि ती कोलांट्या मारत त्यात शिरते, बाहेर पडते. पाहुण्यांच्या पोटात गोळा येतो. नंतर ती मागे वाकून अंगाचं चाक करते, आणि मेजवानीतला विदूषक तिची नक्कल करायला पुढे वाकून स्वतः चाक होऊ पाहतो.

आणि सॉक्रेटिस काय म्हणतो? त्याला तिच्यात एक युक्तिवाद दिसतो. ही मुलगी बाई असून तलवारींवर झेपावते, म्हणजे धैर्य शिकवता येतं हे सिद्ध झालं. चर्चा लगेच अथेन्सच्या नागरिकांना शूर कसं करावं इकडे वळते. मुलीला कुणी काही विचारत नाही. तिचं नावही झेनोफनने दिलेलं नाही. त्या सिराक्यूजवाल्याला मात्र विचारतात, तुला अभिमान कशाचा? तो सांगतो, मूर्खांचा. ते माझ्या बाहुल्या बघतात, त्यावर माझं पोट चालतं.

पण रात्र सरत येते तेव्हा कुंभाराचं चाक आणलं जातं. त्यावर आता नवे खेळ व्हायचे असतात. इथे सॉक्रेटिस मध्येच बोलतो. चाकावर गरगर फिरत लिहिणं-वाचणं अचंबा वाटण्यासारखं असेल, पण त्यात सुख कुठलं? देह पिळवटलेले बघण्यापेक्षा हे दोघे स्वस्थ असताना बघणं बरं नाही का? मग तो सुचवतो की यांना बासरीवर साधं नाचू द्या. त्यांनाही ते सोपं जाईल. झेनोफनने हे पुष्कळ वर्षांनी लिहिलं, तेव्हा सॉक्रेटिस शब्दशः असंच बोलला असं आपण मानायला नको. पण पहिल्या नजरेत ज्याला धडा दिसला, त्यालाच दुसऱ्या नजरेत खेळणाऱ्याचे कष्ट दिसले, एवढं त्या लिखाणात निश्चित आहे.

हा दुसरा प्रश्न या कलेला चिकटलेलाच आहे, कारण तो शरीरातूनच येतो. या कलावंतांना जादा सांधे असतात ही समजूत चुकीची. सांधे तेवढेच असतात. ते बांधून ठेवणारे बंध जात्याच सैल असतात आणि रोजच्या सरावाने कण्याची, खुब्याची हालचाल वाढवली जाते. म्हणून शिक्षण लहानपणी सुरू करतात. म्हणजे निर्णय घेतो कोण? मूल नव्हे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'प्लवक' म्हणजे उड्या मारणारे कसरतपटू येतात. बाहेरून आलेल्या मंडळीने प्रत्येक खेळामागे पाच पण भरावेत, असा नियम आहे. राज्याने कर बघितला. आपल्याकडे 'कोलांटी' हा शब्द कोल्हाट्यांच्या उडीवरून आला; शब्द आपण घरात घेतला, उडी मारणारा वेशीबाहेर राहिला. मुलांसाठी कायदा फार उशिरा आला. ब्रिटनने १८७९ मध्ये चौदा वर्षांखालच्या मुलांच्या धोकादायक खेळांवर बंदी घातली. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०११ रोजी सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आणण्याचा आदेश दिला.

यावर सर्कसवाले म्हणतात, अठराव्या वर्षी सुरुवात करून हे अंग तयार होत नाही, आता ही कला मरेल. ही तक्रार निव्वळ खोटी म्हणता येत नाही. पण मंगोलियाकडे बघा. तिथेही मुली लहानपणीच सुरुवात करतात. फरक असा, की तिथे या कलेला 'उरान नुगाराल्त', कलात्मक वाकणं, असं नाव आहे. १९४० पासून राज्याची सर्कस उभी राहिली, त्सेंद-आयुश यांच्यासारख्या कलावंत पुढे गुरू झाल्या आणि शिष्या त्यांचं नाव सांगतात. दुखणं तिथेही असणारच. पण तिथे वाकणारी बाई कुणाची बाहुली नाही.

तेव्हा कला ठेवायची की मुलं वाचवायची, असा प्रश्न आपण मांडतो तो अपुरा आहे. शिकवणारा कोण, मुलाला 'नको' म्हणता येतं का, पैसा कुणाच्या हातात जातो, मोठेपणी त्याला काय उरतं, हे आधी विचारायला हवं. त्या रात्री कॅलियसच्या घरी हे कुणी विचारलं नाही. सॉक्रेटिस त्याच्या जवळ आला होता, एवढंच.