हॉर्नबी रोडच्या कमानी आणि आमच्या बँकेची पाटी

आपल्या सोसायटीतल्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी व्हीटीला उतरून फोर्टात नोकरी केलेलं आहे. भर पावसात छत्री मिटून, कमानींच्या खालून फाउंटनपर्यंत बरंचसं कोरडं जाता येतं, हे त्यांना सांगायला नको. ही सोय कुणी केली, ते मला मात्र फार उशिरा कळलं. त्याआधी त्यातली एक कमान झाकायचं काम मी स्वतः केलं होतं. म्हणून हा लेख.

१८६० च्या दशकात मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडला आणि हॉर्नबी रोडला ऐसपैस जागा मिळाली. हॉर्नबी हे अठराव्या शतकातले मुंबईचे गव्हर्नर. दादाभाई नौरोजींचं नाव रस्त्याला नंतर लागलं. १८९६ मध्ये सरकारने नियम केला की, या रस्त्यावर इमारत बांधणाऱ्याने तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची वाट ठेवलीच पाहिजे. वरचे मजले ज्याने त्याने आपल्या हौसेप्रमाणे बांधले. त्यामुळे मान वर केली तर दर इमारतीचा थाट निराळा, आणि खाली मात्र एकीची कमान दुसरीच्या कमानीला जोडलेली.

मी याच रस्त्यावर सिद्धार्थ कॉलेजच्या सकाळच्या वर्गांना बसून बी.ए. झालो आणि पुढे बँकेत चिकटलो. १९८८ साली माझी बदली इथल्याच शाखेत झाली. तेवढ्यात वरून परिपत्रक आलं: प्रत्येक शाखेची पाटी बँकेच्या रंगात, एकसारखी आणि रस्त्यापलीकडून वाचता येईल अशी हवी. कोटेशनं मागवली, मी सही केली. बावीस फुटांची ग्लो-साइन! कंत्राटदाराने दगडात ड्रिल मारून लोखंडी अँगल ठोकले. आमचा शिपाई म्हातारा होता, तोंडाने फटकळ. म्हणाला, "साहेब, एवढी मोठी पाटी कशाला? बँक काय पळून चाललीय?" आम्ही सगळे हसलो. पाटी लागली.

१९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा नियमावली आली. यादीत सहाशेहून जास्त इमारती आणि परिसर होते. पण यादीत नाव आलं म्हणून पाट्या कोण उतरवणार? पुढे संवर्धन वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी या रस्त्यावरच्या पाट्यांसाठी मार्गदर्शक पुस्तिका तयार केली. एमएमआर हेरिटेज कॉन्झर्वेशन सोसायटीने त्याला पैसे दिले. मुख्य सूत्र सोपं होतं. पाटी कमानीच्या चौकटीत बसवायची. खांब, नक्षी, कमानीचा माथा यांवर काही चढवायचं नाही. दुकानदार आणि कार्यालयं एकत्र येऊन 'हेरिटेज माइल असोसिएशन' उभी राहिली.

मी तोवर त्याच शाखेत मॅनेजर म्हणून परत आलो होतो आणि खरं सांगतो, माझा विरोध होता. पाटी लहान केली तर ठेवी कमी होतील, ही माझी भीती. शेजारचा दुकानदारही तेच म्हणत होता. एके दिवशी चहा पिताना लक्षात आलं की, त्याची पाटी आमच्यामुळे मोठी झाली होती आणि आमची त्याच्या आधीच्या पाटीमुळे. दोघांनी मिळून उतरवली तर नुकसान कुणाचंच नाही. नियम सगळ्यांना सारखा असला की सोपं जातं. १८९६ मध्येही एकट्याच मालकाने जागा सोडली असती का? मी वरच्या ऑफिसला तीन पत्रं लिहिली, तेव्हा कुठे मंजुरी आली.

पाटी उतरवली त्या दिवशी पाहिलं. मागे कमानीच्या माथ्यावर दगडी पानांची नक्षी होती. गंजाचे तांबडे ओघळ खालपर्यंत आलेले, आणि दोन पानं फुटलेली. ती आमच्याच ड्रिलने. तो शिपाई तेव्हा निवृत्त झालेला होता. तो तिथे नव्हता, याचं मला त्या दिवशी जरा बरंच वाटलं.

२००४ मध्ये या रस्त्याच्या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. अलीकडे दुकानांवर मराठी पाट्या सक्तीच्या झाल्या; सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा कुठे अनेकांनी हातपाय हलवले. मला त्याचा आनंदच आहे. मराठी अक्षर ठसठशीत असावं, फक्त कमानीच्या आत.

आपली इमारत काही ऐतिहासिक नाही, पंचवीस वर्षांची पोर आहे. पण तळमजल्यावरच्या दुकानांच्या पाट्या दर दिवाळीला फूटभर वाढतात, आणि पहिल्या मजल्यावरच्या वहिनींच्या खिडकीचा खालचा भाग आता दिसत नाही. गच्चीवरच्या होर्डिंगच्या भाड्याचा विषय सप्टेंबरच्या वार्षिक सभेत पुन्हा येतो आहे. मी विरोधात हात वर करणार, हे अध्यक्षांना आत्ताच सांगून ठेवतो. दुकानदारांशी बोलायला कुणी सोबत येणार असेल तर रविवारी सकाळी दहानंतर मी घरीच असतो.