तापवले की विरघळणारे प्रथिन

अंडे उकडले की त्यातला पांढरा भाग घट्ट होतो. मग कितीही उकळा, तो पुन्हा पातळ व्हायचा नाही. १८४५ साली लंडनच्या डॉक्टरांपुढे मात्र एक प्रथिन आले, ते याच्या अगदी उलट वागत होते.

रोगी पंचेचाळीस वर्षांचा एक दुकानदार. थकवा आणि हाडांतल्या वेदनांनी बेजार झालेला. डॉ. विल्यम मॅकिन्टायर यांनी त्याची लघवी तपासली. आम्ल घातलेली ती लघवी गार होताच थिजे, आणि तापवली की पुन्हा पातळ! 'हे आहे तरी काय?' अशा अर्थाची चिठ्ठी जोडून तिची एक नळी सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या डॉ. हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे गेली. त्यांनी प्रथिन मोजले, तर हजार भागांत सुमारे ६७ भाग! रक्तात असावे तेवढे प्रथिन लघवीवाटे वाहून चालले होते. १८४६ च्या पहिल्याच दिवशी तो बिचारा वारला. त्याची हाडे सुरीने कापता येतील इतकी मऊ झाली होती.

प्रथिनाला नाव मिळाले बेन्स जोन्स यांचे. मॅकिन्टायर मागे पडले, हा काही पुरता न्याय नव्हे. पण मोजले ते बेन्स जोन्सांनीच, आणि आजही या रोगात सारी मदार मोजण्यावरच आहे बरं का.

रोगाचे नाव मल्टिपल मायलोमा. हाडांच्या मज्जेतील एका जातीच्या पेशी बेसुमार वाढतात आणि एकाच साच्यातले प्रथिन रक्तात ओततात. स्वीडनच्या टिसेलियस यांनी १९३७ साली विजेच्या साह्याने रक्तातली प्रथिने वेगळी करण्याची रीत दिली. त्या आलेखात मायलोमाचे प्रथिन सुळक्यासारखे उभे राहते. बेन्स जोन्स प्रथिन म्हणजे प्रतिपिंडाची छोटी साखळी, हे १९६२ साली एडेलमन आणि गॅली यांनी दाखवले. या सुट्या साखळ्या रक्तातच मोजण्याची चाचणी २००१ च्या सुमारास आली.

उपचार चालू असताना सुळका उतरतो की चढतो, ते पाहायचे असते. म्हणून तपासणी शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने करावी. चोवीस तासांची लघवी मागितली, तर एक वेळचीही सांडू नये. नाहीतर हिशेबच चुकतो. आणि नेहमीची पट्टी बुडवून केलेली तपासणी? ती मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते. पट्टी कोरी निघाली, तरी बेन्स जोन्स प्रथिन लघवीत असू शकते.