दर्या, दऱ्या आणि कमिट संदेश

पेशवेकाळातली मोडी पत्रं वाचायला बसलात की एक अडचण हमखास येते. 'छ' लिहून हिजरी महिन्यातली तारीख दिलेली असते, पण साल पुष्कळदा नसतंच. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊक होतं, मग लिहायचं कशाला? आता मजकुरातल्या स्वाऱ्या आणि माणसं जुळवत ते आपल्याला ठरवावं लागतं.

सॉफ्टवेअरच्या इतिहासावर काम करणार असाल, तर अशीच अडचण वेगळ्या रूपात भेटेल. गिटमध्ये नाव, तारीख, वेळ आपोआप नोंदली जाते. काय बदललं तेही ओळ न् ओळ दिसतं. राहून जातं ते 'का'. ते कमिट संदेशात माणसालाच लिहावं लागतं.

या संदेशाची रीत ई-मेलमधून आली. लिनक्स कर्नेलचे पॅच मेलने जात. मेलचा विषय हीच संदेशाची पहिली ओळ, म्हणून ती आटोपशीर. मग एक रिकामी ओळ, आणि खाली कारण. २००३ साली एससीओ कंपनीने आयबीएमवर खटला भरला. आमच्या युनिक्सचा कोड लिनक्समध्ये घातला, असा तिचा आरोप होता. कोणती ओळ कुणाकडून आली, हा प्रश्न थेट कोर्टात पोचला. म्हणून २००४ च्या मे महिन्यात लिनस टोरवाल्ड्सने 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ सुचवली. पॅच लिहिणारा आणि तो पुढे पाठवणारा, दोघंही तिथे आपलं नाव घालतात.

एप्रिल २००५ मध्ये कर्नेल गिटवर आलं. आधीचा इतिहास त्यात नाही. का नाही? पहिल्याच कमिटमध्ये उत्तर आहे: तो हाताशी आहे, पण सुमारे ३.२ जीबी होईल, सुरुवातीलाच हा पसारा नको. साधन कुठून सुरू होतं आणि का, हे साधनच सांगतंय. असं भाग्य मोडी वाचणाऱ्याला क्वचितच लाभतं!

आता आपल्याकडे या. खारघरला सी-डॅक मुंबईचं केंद्र आहे. २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झालेली एनसीएसटी ही तिची पूर्वसंस्था. लिनक्सवर भारतीय लिप्या नीट दिसाव्यात म्हणून तिथे 'इंडिक्स' नावाचा प्रकल्प झाला. अशा कामात 'का' किती महत्त्वाचं असतं ते बघा. समजा, तुम्ही फॉन्टसाठी पॅच पाठवला, की 'ऱ्य' मधला र रफार होऊन वर जाऊ नये. तो तपासणाऱ्याला देवनागरी येतेच असं नाही. येत असली तरी हिंदीच्या सवयीने त्याला 'र्य' पुरेसं वाटेल. नुसतं 'र दुरुस्त केला' लिहिलंत तर उद्या कुणीतरी तो बदल चूक समजून काढून टाकेल. 'दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा; मराठीत हे दोन वेगळे शब्द आहेत' एवढं लिहिलंत, तर तो टिकण्याची शक्यता वाढते.

तेव्हा संशोधनासाठी एखादा प्रकल्प निवडलात की आधी त्याचा 'गिट लॉग' वाचा, कोड नंतर. उतारा घेताना कमिटचा क्रमांकही टिपून ठेवा. आणि कारण लिहिलेलं नसेल, तर तुमचं अनुमान हे अनुमान म्हणूनच मांडा.